स्टेनलेसची चकती

टेम्पोतून पहिलं टेबल खाली उतरलं आणि आत्या हातातलं काम टाकून पुढं आली.

इस्पितळासाठी केलेली स्टेनलेसची सहा टेबलं. महिनाभर खपून केलेली, घासूनपुसून, कागदात गुंडाळून पाठवलेली. गेल्या पावली ती परत दारात उभी. जिथं जिथं पाय पत्र्याला जोडला होता तिथं तिथं सांध्यावर तपकिरी ठिपके. माश्या बसून घाण करून गेल्यासारखे. आत्यानं वाकून एक ठिपका नखानं खरवडला. नखात गंज आला.

"शी!" ती म्हणाली आणि बोट अ‍ॅप्रनला पुसलं. मग त्या अ‍ॅप्रनचीच किळस आली म्हणून तोही काढून खुंटीला लावला.

इस्पितळाच्या माणसानं सोबत चिठ्ठी दिली होती. त्यात दोनच ओळी. 'यावर आम्ही रुग्णाला निजवायचं का? पंधरा दिवसांत नीट करून द्या, नाहीतर पुढचं काम दुसरीकडे देतो.' आत्यानं ती दोनदा वाचली आणि तिचे कान तापले. कुणी तोंडावर थुंकलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

आता ही आत्या म्हणजे कुणाची आत्या, तर मालकाच्या मुलांची. मालक तिचा थोरला भाऊ. मुलं लहान असताना कारखान्यात बागडायची, 'आत्या, आत्या' करत तिच्या मागं फिरायची. मुलं मोठी झाली, उडून गेली, पण नाव मागं राहिलं. वेल्डर तिच्याहून चार वर्षांनी मोठा, तोही आत्याच म्हणायचा. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकानं एकदा विचारलं होतं, त्याला तिनं "तुझ्यासारखे बघितले म्हणून" असं सांगून वाटेला लावलं होतं.

कारखान्यात तिचं राज्य होतं चाकांच्या कपाटावर. घासायचं चाक असो की हातातल्या ग्राइंडरची चकती असो, तिच्या हाताखालून गेल्याशिवाय मशिनवर चढायची नाही. नवं चाक आलं की ती ते बोटात अडकवून लाकडी दांड्यानं हलकेच ठोकायची आणि कान द्यायची. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत चीर आहे, सरळ फोडायचं आणि भंगारात टाकायचं. मग कुठलं चाक कशाला ते ठरायचं. साध्या लोखंडाला करडं, ड्रिलला पांढरं, कार्बाइडच्या अतिकडक टोकांना हिरवं, बिडाला आणि पितळेला काळं. आणि नव्या माणसाच्या डोक्यात पहिल्या दिवशी काय घालायचं, तर माल कडक तर चाक मऊ, माल मऊ तर चाक कडक. ऐकणारा चक्रावायचाच.

"अरे, कडक मालावर दाणे चटकन बोथट होतात," ती सांगायची. "मऊ चाक बोथट दाणा सोडून देतं, खालचा धारदार वर येतो. कडक चाक त्याला धरून बसतं आणि माल जाळतं. कळलं? नाही कळलं? मग पाठ कर."

एक विक्रेता एकदा 'सगळ्याला चालणारं' चाक घेऊन आला होता. लोखंड घासा, पितळ घासा, काहीही घासा, म्हणाला. आत्यानं त्याला चहाही विचारला नाही. सगळ्याला चालणारं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, असं त्याच्या तोंडावर सांगून त्याची पिशवी त्याच्या हातात दिली.

आणि स्टेनलेसचं तर सोवळंच निराळं. त्याच्या चकत्या वेगळ्या पेटीत, पेटीला कुलूप, आत स्वच्छ फडकं. जी चकती एकदा साध्या लोखंडाला लागली ती पुन्हा स्टेनलेसला लावायची नाही, म्हणजे नाही. लावलीच तर लोखंडाचा भुगा स्टेनलेसमध्ये घुसून बसतो. त्या वेळी काही दिसत नाही. काम चकाचक दिसतं, गिऱ्हाईक खूश होतं. मग कुठं जरा ओल लागते आणि तो भुगा गंजून वर येतो. त्यामुळे टेबलांचं काय झालं हे आत्याला पहिल्या ठिपक्यालाच कळलं होतं. पेटीतली चकती कुणीतरी लोखंडाला लावली होती आणि गुपचूप परत ठेवली होती.

दादा केबिनमधून बाहेर आला. दादा म्हणजे मालक, तिचा भाऊ. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची घडी, हातात अत्तर लावलेला रुमाल. कारखान्यात तो नेहमी असाच वावरायचा, कशालाही हात न लावता. त्यानं टेबलांभोवती एक चक्कर मारली, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, "ज्यानं हे केलं तो उद्यापासून इथं नको. तू सांग, कोण ते. पेटी तुझी आहे."

सगळे गोळा झाले होते. वेल्डर, दोन फिटर, आणि सगळ्यांच्या मागं सुरसुऱ्या.

सुरसुऱ्या हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. नऊ वर्षांपूर्वी तो ग्राइंडरवर आला तेव्हापासून त्याचं नाक वाहत होतं. दर दोन मिनिटांनी सुर्र. सुर्र झालं की हाताची पाठ नाकाखालून फिरायची, मग तो हात पँटला, आणि पँटवरून सरळ ग्राइंडरच्या मुठीला. ती मूठ पुढं आत्याला धरावी लागायची. नखं कायम काळी. कॉलरला मळाची पट्टी. जेवताना तोंडाचा असा आवाज करायचा की लांबच्याचाही घास घशात अडकावा. जेवण झालं की भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपायचा, आणि त्या उघड्या तोंडाकडे नजर गेली की आत्याला वाटायचं, देवा, डोळे दिलेस ते कशाला दिलेस. कामाला तो वाईट नव्हता. हे ती मान्य करायची, पण कडू औषध गिळावं तसं. त्याच्या हाताखालून गेलेला सांधा बोटाला लागत नसे. तरी त्यानं घासलेल्या सांध्यावरून बोट फिरवायच्या आधी ती सांधा फडक्यानं पुसून घ्यायची.

पेटीला हात लावणारे दोघंच होते, आत्या आणि सुरसुऱ्या. किल्ली तिच्याकडे असायची, तो ती मागून न्यायचा.

"पेटी कोण उघडतं?" तिनं विचारलं.

"मी उघडतो, आत्या. तुमच्याकडून किल्ली घेऊन."

"मग?"

त्यानं सुर्र केलं. एकदा दादाकडे बघितलं, मग पायांकडे बघितलं. "मी नाही लावली लोखंडाला," तो म्हणाला.

"मग काय चकती आपणहून फिरायला गेली होती?"

वेल्डर फिस्सकन हसला. सुरसुऱ्यानं हाताची पाठ नाकाखालून फिरवली. "आत्या, एकदा चकती बघा. बघितली की तुम्हाला कळेल."

आणि आत्याची जीभ सुटली. ती जीभ काही नवी नव्हती, पण त्या दिवशी तिला धार आली होती. "चकतीकडे काय बघायचंय? तुझ्याकडे बघितलं की कळतं! ज्याला स्वतःचं नाक धड पुसता येत नाही तो पेटी काय स्वच्छ ठेवणार?"

सगळे हसले. फिटर हसले, वेल्डर तर पोट धरून हसला. सुरसुऱ्याही थोडंसं हसला, सवयीनं. त्याच्यावर हसताना तो नेहमीच थोडंसं हसायचा. दादानं रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "झालं तर मग. विषय संपला."

सुरसुऱ्यानं खुंटीवरचा शर्ट काढला, डबा घेतला आणि निघाला. दारातून बाहेर पडताना पुन्हा एकदा सुर्र झालं. आत्याच्या मनात आलं, सुटले एकदाची.

खोटं कशाला बोला, पुढचे चार दिवस तिला फार बरं वाटलं. ग्राइंडरच्या मुठी तिनं साबणाच्या पाण्यानं धुतल्या, एकदा नाही दोनदा. तो टेकून झोपायचा ती भिंत तिनं पुसून घेतली. दुपारचं जेवण शांतपणे झालं. फिटरांना सांधे घासता येत नव्हते, एकानं तर कार्बाइडचं टोक करड्या चाकावर धरलं आणि चाकाला खाच पाडून ठेवली, पण तिनं त्याला दोन शिव्या घातल्या आणि सोडून दिलं. माणूस स्वच्छ होता ना. अंगाला साबणाचा वास यायचा. एवढ्यावर त्याला माफी मिळाली.

पाचव्या दिवशी ती टेबलांच्या दुरुस्तीला बसली. नव्या चकत्या आणायला सांगितल्या होत्या. पेटीतल्या जुन्या तीन चकत्या आता कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून फोडून टाकायच्या होत्या. तिनं पहिली उचलली, फोडली. दुसरी उचलली, फोडली. तिसरी उचलली आणि हात थांबला.

नजर ती नजर. तीस वर्षं चाकं बघितलेली नजर नको म्हटलं तरी बघते. चकतीच्या झिजलेल्या कडेला काही नव्हतं, पण आतल्या बाजूला, भोकाजवळ, दाण्यांच्या फटींत काहीतरी वितळून बसलं होतं. तिनं खिशातलं भिंग काढलं आणि खिडकीपाशी गेली.

रंग होता. पोपटी रंग.

आत्यानं भिंग खाली केलं आणि कारखान्यावरून नजर फिरवली. मशिनी राखाडी. कपाटं निळी. रॅक तांबडे. पोपटी वस्तू कारखान्यात एकही नव्हती. अख्ख्या रस्त्यावर एकच पोपटी वस्तू होती, आणि तिच्यातून ती रोज दोनदा येत-जात होती. ती राहायची त्या दादाच्या घराचं फाटक. वहिनीनं हट्टानं तो रंग लावून घेतला होता, आणि आत्या "बघून ओकारी येते" म्हणाली म्हणून महिनाभर अबोला धरला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती तिथंच स्टुलावर बसली. तिला आठवत होतं ते एकच, 'आत्या, एकदा चकती बघा.' बघायला किती वेळ लागला होता? भिंग काढण्यापासून धरलं तरी मिनिटभर नाही.

दुरुस्ती तशीच टाकून ती घरी गेली. फाटकाशी उकिडवी बसली, शेजारीण बघत होती तरी बसली. फाटकाची खालची कड, जी फरशीला घासून कर्कश आवाज करायची, वीतभर घासून काढलेली होती. तिथला रंग गेला होता, आतलं लोखंड उघडं पडून गंजलं होतं. आवाज कधी थांबला याच्याकडे तिचं लक्षसुद्धा गेलं नव्हतं.

दादा पडवीत खुर्चीवर बसला होता. नुकतीच अंघोळ झालेली, केस चापून बसवलेले, हातात वर्तमानपत्र.

"दादा, फाटक कुणी घासलं?"

"मीच. का गं?" तो खूशच झाला. "तुझ्या वहिनीनं डोकं खाल्लं होतं. सुटीच्या दिवशी कारखान्यात जाऊन ग्राइंडर आणला, पाच मिनिटांत काम. आपल्याला काय येत नाही असं वाटलं की काय तुला?"

"चकती कुठली लावलीस?"

"हाताला लागली ती."

"कुलूप उघडून हाताला लागली?"

दुसरी किल्ली मालकाकडे असतेच. इतकी वर्षं त्याच्या जुडग्यात लटकत होती, आणि पेटीला हात लावणारे मोजताना तिनं त्याला मोजलंच नव्हतं. दादानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं, नवी कोरी दिसली. म्हटलं चांगली चालेल."

"आणि परत पेटीत ठेवलीस."

"मग काय रस्त्यात टाकू? दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन जागच्या जागी ठेवली. तूच ओरडत असतेस ना, वस्तू जागच्या जागी ठेवा म्हणून?"

तीस वर्षं कारखाना चालवला या माणसानं! पाटीवर नाव याचं, आणि स्टेनलेसची चकती लोखंडाला का लावायची नाही हे याला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची गरजच पडली नाही, कारण ठाऊक असणारी बहीण होती.

"टेबलं परत आली तेव्हा तुला कळलं होतं?"

रुमाल काढून त्यानं कपाळ पुसलं, पुसण्यासारखं तिथं काही नव्हतं. "शंका आली होती," तो म्हणाला.

"आणि तरी त्याला काढलंस."

"मी? मी कुठं काढलं? मी तुला विचारलं, तू बोट दाखवलंस." त्यानं आवाज खाली आणला, समजूत घालावी तसा. "आणि खरं सांगू का, बरंच झालं की. नऊ वर्षं तूच माझ्या कानीकपाळी ओरडत होतीस, घाणेरडा आहे, घाणेरडा आहे. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. मला तर वाटलं, तू खूश होशील."

रुमालाचा वास तिच्यापर्यंत आला. गोड, दाट, गुदमरवणारा. आत्या दोन पावलं मागं सरकली. या पांढऱ्या शर्टाची तिला किळस आली, कापून गोल केलेल्या नखांची आली, त्या समजुतीच्या आवाजाची तर अशी आली की कान धुऊन टाकावेत. चोर खुर्चीत बसला होता आणि संन्याशाला सुळी दिली होती, आणि दोर ओढला होता तिनंच.

"उद्या त्याला परत आणते," ती म्हणाली. "आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे, काय झालं ते."

"आण की. मी कुठं नाही म्हणतोय? माणूस कामाला चांगला होता." दादानं वर्तमानपत्र पुन्हा उचललं. "फक्त फाटकाचं मध्ये आणू नकोस. मालकाला काही लाज असते की नाही?"

"असते का?" आत्या म्हणाली आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम सुटल्यावर ती पत्ता विचारत विचारत सुरसुऱ्याच्या खोलीवर पोचली. सायकलच्या दुकानावरचा दुसरा मजला. जिन्याचा कठडा हाताला चिकटला, तिनं हात झटकन काढून घेतला. वर दार उघडंच होतं. सुरसुऱ्या बनियनवर बसून पायाची नखं काढत होता आणि ती जमिनीवर उडत होती. आत एका मोडकळलेल्या खाटेवर कपड्यांचा ढीग, खिडकीत दोन पातेली, त्यातल्या एकाला खरकटं वाळून चिकटलेलं. सगळ्या खोलीला ओल्या टॉवेलचा वास मारत होता. आत्याला वाटलं होतं, आता आपल्याला तसं काही वाटणार नाही. पण वाटलं. उंबऱ्यावरच वाटलं. किळस काही पश्चात्तापाला विचारून येत नाही.

"आत्या? या, या." तो गडबडीनं उठला, खाटेवरचे कपडे एका अंगाला लोटले आणि जागा केली. पेला शोधला, त्याच्या कडेवरून आतून बाहेरून बोट फिरवलं, माठातलं पाणी भरून तिच्या हातात दिलं. मग सुर्र केलं आणि समोर जमिनीवर बसला.

पेला हातात धरून आत्या म्हणाली, "चुकले मी." हा शब्द तिनं शेवटचा कधी उच्चारला होता तिला आठवत नव्हतं. "चकती बघितली."

"मग?"

"कळलं. दादा."

"हं," तो म्हणाला.

"अरे, मग तेव्हाच का नाही बोललास?"

"साहेब समोर उभे होते. त्यांच्या तोंडावर काय बोलणार?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी सकाळी पेटीत ठेवताना मी बघितलं त्यांना. म्हटलं, साहेब, ही इथं नका ठेवू. म्हणाले, गप रे, कोरीच आहे. मी ते खरं मानलं आणि टेबलांना तीच लावली. टेबलं परत आली तेव्हा मला वाटलं, चकती आत्याच्या हाताला लागली की संपलं, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणून म्हटलं, चकती बघा."

आत्याला मान वर करवेना. "तू परत ये," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर मी सांगते. फाटकाचंही सांगते, दादाला काय म्हणायचंय ते म्हणू दे. आणि मी जे बोलले ना तुला... ते बोलायला नको होतं."

"मला काम लागलं, आत्या. तीन दिवस झाले."

"कुठं?"

"नाल्यापलीकडे. शिड्या करतात, अ‍ॅल्युमिनियमच्या. कडा घासायला ठेवलंय मला."

"चाक कुठलं आहे?" तिच्या तोंडून आपसूक निघालं.

तो जरासा हसला. "एकच आहे. करडं. शिड्या त्यावरच, खिळे त्यावरच, मालकाच्या घरचे विळे-कोयतेही त्यावरच."

आत्या ताडकन उभी राहिली, पेल्यातलं पाणी हिंदकळलं. "अरे, अ‍ॅल्युमिनियम करड्या चाकावर? बुजतं ते! मऊ धातू, दाण्यांत भरून बसतो. मग चाक कापत नाही, नुसतं तापतं. तापून तापून फुटतं. तुकडा तोंडावर येईल तुझ्या, डोळा जाईल, जीव जाईल!"

"माहीत आहे. तुम्हीच शिकवलंय. दिवसातून चारदा तासून मोकळं करतो, आणि समोर उभा राहत नाही, बाजूला राहतो."

"बाजूला राहून काय डोंबल होणार आहे? दुसरं चाक मागून घे."

"मागितलं. म्हणाले, आजवर चाललंय ना."

"मग सोड ती नोकरी! उद्याच सोड. मरायला राहतोयस का तिथं? आपल्याकडे तुझ्यासाठी चाक मी स्वतः वाजवून, बघून काढून देते, आणखी काय पाहिजे तुला?"

सुरसुऱ्यानं नाकाखालून हाताची पाठ फिरवली.

"तिथं जेवायला सगळे एकत्र बसतात," तो म्हणाला.

आत्याला कळेना. "म्हणजे?"

"नऊ वर्षं तुमच्याकडे मी भंगाराच्या पिंपाशी बसून जेवलो, आत्या. तिथं बस असं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तुमच्यात येऊन बसलो होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि डब्याला झाकण लावलंत. बाकीच्यांनी तुमच्याकडे बघून आपापले डबे जरा सरकवले. दुसऱ्या दिवसापासून मी पिंपाशी जायला लागलो." तो अगदी सरळ सांगत होता, कुठल्या मशिनला काय झालंय हे सांगावं तसा. "परवा त्या लोकांत डबा उघडला, तर शेजारच्यानं माझ्या डब्यातला घास उचलला. न विचारता. चाक वाईट आहे तिथलं, मला कळतंय. पण मी तिथंच बरा आहे."

आत्या उभीच होती. तिला तो पहिला दिवस आठवायला हवा होता, पण आठवत नव्हता. असं काही घडलंय हेच तिला माहीत नव्हतं. एका माणसाला आपण नऊ वर्षं पिंपाशी बसवलं आणि आपल्याला पत्ता नाही. स्वतःची इतकी किळस तिला उभ्या जन्मात आली नव्हती.

मग तिनं हातातला पेला वर केला. निदान पाणी तरी प्यावं. त्याच्या घरचं पाणी त्याच्यासमोर गटागटा प्यावं, मग पुन्हा विचारावं, मग कदाचित तो येईल. पेला ओठांपर्यंत आला. कडेवर त्याच्या बोटाचा ठसा दिसत होता. आत्यानं डोळे मिटले, श्वास रोखला, तरी पेला पुढं जाईना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पेला दातांवर वाजला, पाणी ओठाला लागलं, आणि पोटातून असा उमासा वर आला की तिला तोंड फिरवावं लागलं.

सुरसुऱ्या उठला. त्यानं तिच्या हातातून पेला हळूच काढून घेतला.

"राहू द्या, आत्या," तो म्हणाला. "जिन्यात अंधार आहे, सांभाळून उतरा."